शशधर गोलदारची बाटली

नलडुबीत कुणाची शेळी हरवली, कुणाचा बाप गेला, रेशनवर साखर आली की नुसती आल्याची आवई उठली, हे सगळ्या गावाला शशधर गोलदारच्या तोंडून कळायचं. इद्रिस मल्लिकची तीनचाकी सायकलगाडी, तिच्यावर पुढे-मागे तोंड केलेले दोन भोंगे, मधे बॅटरी आणि बॅटरीला टेकून मांडी घातलेला शशधर. इद्रिसने पायडल मारायचं आणि ह्याने बोलायचं, असा दोघांचा तीस वर्षांचा संसार. शशधरची बायको लावण्य म्हणायची, "माझ्याशी जेवढं बोलला नाही तेवढं हा माणूस गावाशी बोललाय. आणि त्यातलं एक अक्षर स्वतःचं असेल तर शपथ!"

त्यात खोटं काही नव्हतं. निवडणुकीत सकाळी एका पक्षाला विजयी करा म्हणून सांगायचं, चहा प्यायचा, आणि संध्याकाळी त्याच पक्षाला धडा शिकवा म्हणून सांगायचं. कुणी छेडलंच तर शशधर म्हणे, "भोंग्याला मत नसतं रे बाबा."

नलडुबीचा बाजार जिथे संपतो तिथून तारेचं कुंपण सुरू होतं. कुंपणाच्या पलीकडे गावाचीच थोडी शेतं, आणि शेतांच्या पलीकडे दुसरा देश. सकाळी फाटक उघडलं की शेतकऱ्यांनी ओळखपत्र जवानाकडे ठेवून शेतात जायचं, दुपार कलली की परत यायचं. गावात ताग पिकायचा, मोहरी पिकायची. पण गाव जगायचं ते खोकल्याच्या औषधावर. पलीकडे दारूला बंदी, आणि ह्या औषधाने बरी नशा चढते. म्हणून देशभरातून पेट्याच्या पेट्या नलडुबीत यायच्या आणि इथून कुंपण ओलांडून जायच्या. केळीच्या पोखरलेल्या खुंटात, भोपळ्याच्या पोटात, तागाच्या गासडीत. एकदा तर तिरडीवरून गेल्या, आणि जवानांनी टोप्या काढून वाट दिली. गावात ह्या मालाला 'डाळ' म्हणत. "आज डाळ शिजायची नाही, फाटकावर साहेब उभा आहे," असं बाया पाणवठ्यावर बोलत. नवी सून आली की पहिले काही महिने तिला कळतच नसे, ह्या गावात एवढी डाळ शिजते आणि पानात मात्र पडत नाही, ती का.

डाळ वाहणाऱ्यांना रोजंदारी मिळायची; कधी तुरुंग, कधी गोळी. पाठवणाऱ्याचं नाव मन्मथ पोद्दार. बाजाराच्या तोंडाशी त्याचं तागाचं मोठं गोदाम. गावच्या क्लबाचा अध्यक्ष तो, दुर्गापूजेचा मुख्य आश्रयदाता तो, आणि चौकीच्या साहेबांनी सीमा सुरक्षेसाठी नागरिकांची समिती काढली तेव्हा तिचाही अध्यक्ष, अर्थातच, तोच. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देतात तशी ती दिलेली नव्हती. पोद्दारबाबूंनी नम्रपणे दोनदा नको म्हटलं होतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात शशधरला खोकल्याने धरलं. आधी वाटलं, वीटभट्टीचा धूर. मग वाटलं, विडी. विडी सोडली, खोकला राहिला. आल्याचा रस झाला, तुळस झाली, लावण्यने छातीला मोहरीचं तेल चोळून चोळून हात दुखवून घेतले. शेवटी शशधर गोपेश्वरच्या औषधाच्या दुकानात गेला.

गोपेश्वर म्हणाला, "दादा, खोकल्याचं सोडून काहीही मागा. ताप मागा, जुलाब मागा. ती बाटली मी ठेवतच नाही. एक विकली की दहा जण येऊन विचारतात, कुणाला दिली, का दिली, तो खरंच खोकत होता का."

"मग खोकणाऱ्याने करायचं काय?"

"लवंग चघळा."

इद्रिसला हे ऐकून हसू आवरेना. "अरे शशधरदा, समुद्राच्या काठी बसून तहानेने मरतोस! आमच्या कासेमला सांगतो ना मी." कासेम गाइन हा इद्रिसच्या बायकोचा धाकटा भाऊ, पोद्दारच्या गोदामात हमाल.

पण कासेमने कानाला हात लावले. "काका, पेट्यांवर मुकादमाची नजर असते. एक बाटली कमी झाली तर माझा पाय मोडतील. आणि खोकल्यासाठी घेतली म्हणून सांगितलं तर दुसराही मोडतील. खोकल्याला हे औषध कुणी घेत असेल यावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही."

अशात चौकीवर नवा साहेब आला. भंवरसिंग त्याचं नाव, राजस्थानकडचा, वाळूत वाढलेला. पाणी, डास आणि बंगाली भाषा या तिन्हींनी हैराण झालेला, पण मनाने सरळ. तस्करांची टोळी मोडायचीच, असं त्याने मनावर घेतलं होतं. त्याने सीमा जागृती सप्ताह जाहीर केला. गस्त कधी, कुठून घालायची हे समितीच्या बैठकीत ठरलं, म्हणजे पोद्दारबाबूंच्या ओसरीवर, त्यांचाच चहा पिऊन. आणि गावात जागृती करायला शशधरला बोलावलं.

मजकूर चौकीतून आला होता. शशधर गल्लोगल्ली सांगत फिरू लागला, "बंधूंनो आणि भगिनींनो! सीमेपलीकडून चालणारी संघटित गुन्हेगारी ही देशाला लागलेली कीड आहे! खोकल्याच्या औषधाची तस्करी..." आणि नेमकं इथं आलं की त्याला उबळ यायची. खो खो खो करून दोन्ही भोंगे खोकायचे. पाठोपाठ पुढचं वाक्य, "...हा गंभीर गुन्हा आहे!"

चहाच्या टपरीवर एकच हशा. "काय शशधरदा, जाहिरात करतोयस की नमुना दाखवतोयस?"

भंवरसिंगने बोलावून घेतलं. "गोलदार, त्या वाक्याला खोकू नका. लोकांना चेष्टा वाटते."

"मी खोकत नाही साहेब. खोकला येतो."

"मग औषध घ्या की."

"तेच तर आपण बंद केलंय, साहेब."

 हसावं की दटावावं हे भंवरसिंगला ठरवता आलं नाही. "तालुक्याला जा, डॉक्टरला दाखवा," एवढंच म्हणाला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी शशधर पहिल्या बसने तालुक्याला गेला. डॉक्टरने छाती तपासली, चिठ्ठी लिहून दिली. औषधवाल्याने चिठ्ठी ठेवून घेतली, कारण नियम तसा होता, आणि बाटली दिली, कारण चिठ्ठी होती. शशधरने बाजारातून लावण्यच्या आवडीची मौरला मासळी घेतली, बाटली पिशवीत तिच्याखाली घातली आणि परतीच्या बसमध्ये बसला. गावाच्या वेशीवर तपासणी चालू होती. जवानाने पिशवीत हात घातला, मासळीखालून बाटली काढली आणि त्याचा चेहरा पडला.

"अहो भोंगेवाले, तुम्हीसुद्धा?"

"चिठ्ठी आहे," शशधर म्हणाला.

"दाखवा."

"दुकानदाराकडे आहे."

जवानाने मान हलवली. चिठ्ठी दुकानदाराकडेच असते असं प्रत्येक जण सांगतो, हे त्याला शिकवलेलं होतं.

चौकीत भंवरसिंग डोक्याला हात लावून बसला. त्या दुपारी सांगता समारंभ होता, वरून मोठा साहेब यायचा होता, आणि सबंध सप्ताहात कुणाकडे एक थेंबही सापडला नव्हता. गस्त जिथं जाई तिथं कुत्रं नसे. "गोलदार, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण ह्या शहाण्याने वर फोन करून टाकला. मोठ्या साहेबांनी अभिनंदनसुद्धा केलं. आता अभिनंदन परत कसं पाठवू?"

समारंभ शाळेच्या मैदानावर, पोद्दारच्या गोदामाला लागून. व्यासपीठावर पांढरी चादर घातलेलं टेबल, टेबलावर मधोमध ती एकच बाटली, आणि ती अगदीच एकटी दिसू नये म्हणून दोन्ही बाजूंना झेंडूचे गुच्छ. सारा गाव जमला होता. आणि मग लक्षात आलं की सूत्रसंचालन करणारा माणूस आरोपी आहे.

"करू द्या की त्यालाच," पोद्दारबाबू उदारपणे म्हणाले. "पळून कुठे जातोय? भोंग्याला तर बांधलेला आहे."

तेव्हा शशधर माईकसमोर उभा राहिला आणि दिलेला कागद वाचू लागला. "आज आपल्या दक्ष जवानांनी एका तस्कराला मुद्देमालासह रंगेहाथ पकडलं आहे." तो थांबला. मोठ्या साहेबांनी विचारलं, नाव काय? शशधरने तीस वर्षांच्या सवयीने स्पष्ट, ठसठशीत आवाजात सांगितलं, "शशधर गोलदार, वडील त्रैलोक्य गोलदार, मुक्काम नलडुबी."

मैदान हसून लोटपोट झालं. बायकांच्या बाजूला लावण्यने पदराने तोंड झाकलं. शशधरला कान तापल्यासारखे वाटले. आणि मग जी उबळ आली ती थांबेना. भोंगे गुरगुरले, गर्जले. कुंपणापलीकडच्या शेतातली माणसं खुरपी टाकून बघायला लागली. मोठे साहेब घड्याळ पाहू लागले. समारंभ बिघडतोय हे पाहून शेजारच्या खुर्चीतले पोद्दारबाबू अस्वस्थ झाले. मागे उभ्या असलेल्या कासेमकडे वळून, बंगालीत, आपल्या मते अगदी दबक्या आवाजात, ते म्हणाले, "अरे कासेम, गोदामातली एक बाटली उघड आणि पाज ह्याला. तोंड बंद कर ह्याचं. मोठा साहेब बसलाय ना!"

समोरचा माईक चालू होता. बाबूंचं वाक्य एका भोंग्यातून बाजारात गेलं आणि दुसऱ्यातून नदीकडे. मैदान चिडीचूप झालं.

कासेमला भोंग्याचं काय कळणार? मालकाने सांगितलं, तो धावला. चहाचा कप निवायच्या आत परत आला, झाकणात औषध ओतून त्याने शशधरच्या तोंडाला लावलं. शशधरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने घोट घेतला आणि उबळ थांबली. सगळ्या हिवाळ्यात प्रथमच त्याला छातीभर श्वास घेता आला. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्याच्या मनात पोद्दारबाबूंबद्दल कृतज्ञतेखेरीज काही नव्हतं.

भंवरसिंगला बंगाली येत नव्हती, पण डोळे होते. टेबलावर एक बाटली होती, कासेमच्या हातात तिची जुळी बहीण होती. ज्या गावात औषधवाल्याकडेसुद्धा हे औषध नाही तिथं ते पळत जाऊन इतक्या लवकर कुठून येतं? तो उठला आणि गोदामाकडे चालू लागला. तागाच्या गासड्या हलवल्या तर खाली पेट्याच पेट्या. त्या आणून व्यासपीठावर रचल्या, तेव्हा जागा पुरेना म्हणून टेबलावरची पहिली बाटली उचलून खाली ठेवावी लागली. मोठ्या साहेबांनी पुन्हा फोटो काढून घेतला. पोद्दारबाबूंना जीपमध्ये बसवलं. शशधरला वाटलं, चला, आपण सुटलो.

पण कायद्याचं गणित निराळं. पोद्दारबाबूंनी सांगितलं की गोदामाचा तो कोपरा आपण केव्हाच कासेमला वापरायला दिला होता. किल्लीही त्याच्याकडेच असायची. ज्याच्या घराला स्वतःचं कुलूप नव्हतं त्या कासेमला टोळीचा म्होरक्या ठरवून आत टाकलं. बाबू चार दिवसांत जामिनावर बाहेर आले, कासेमला जामीन राहणारं कुणी मिळेना. आणि शशधरच्या बाटलीची नोंद झालेली होती, ती होतीच. भंवरसिंगची बदली झाली. जाताना त्याने शशधरचा हात हातात घेतला आणि सोडून दिला.

गावाचाही राग शशधरवरच. रोजगार बुडाला होता. चहाच्या टपरीवर तो आला की बाकावरचे लोक पसरून बसायचे. इद्रिस गाडी चालवायचा, पण बोलायचा नाही. एक दिवस तळ्याच्या काठी त्याने गाडी थांबवली.

"तुझ्या खोकल्यापायी माझ्या बायकोचा भाऊ आत गेला."

"मी काय केलं इद्रिस? मी तर नुसता खोकलो."

"हो ना. तू खोकलास. बाकीचं सगळं दुसऱ्यांनी केलं. तुझं नेहमी असंच असतं, दादा. तू फक्त सांगतोस, करतं दुसरंच कुणीतरी."

शशधर गाडीवरून उतरून चालत घरी आला.

पोद्दारबाबूंचं वाक्य सबंध गावाने ऐकलं होतं, आणि आता साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा सबंध गाव बहिरं झालं. कुणी म्हणाला, भोंगा शिटी मारत होता. गोपेश्वर म्हणाला, मला त्या बाजूच्या कानाने कमी ऐकू येतं. मोठ्या साहेबांनी ऐकलं होतं, पण त्यांना भाषा कळत नव्हती. इद्रिस पडला कासेमचा नातलग, त्याचा शब्द कोण धरणार? राहता राहिला शशधर. हे बाबूंच्याही ध्यानात आलं. त्यांनी त्याला ओसरीवर बोलावलं, संदेश मिठाईची बशी पुढे केली.

"तुझी ती एका बाटलीची केस, शशधर, माझा वकील बघेल. चुटकीसरशी सोडवेल. तू काही करायचं नाहीस. आजवर जसा राहिलास तसाच राहा. भोंग्याला मत नसतं म्हणायचास ना? फार शहाणपणाचं बोलणं आहे ते."

शशधरने संदेश हातात घेतला. खाल्ला नाही, टाकलाही नाही. तसाच घरी आणला आणि लावण्यपुढे ठेवला. सगळं सांगितलं.

लावण्य तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला काय विचारता? सगळं गाव बहिरं झालंय, त्यात तुम्ही मुके झालात तर काय बिघडणार? फक्त एक करा. कासेमची बायको रोज आपल्या नळावर पाण्याला येते. तिला तेवढं तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

दुसऱ्या दिवशी कासेमची बायको आली, तेव्हा शशधर ओसरीवरच बसला होता. तिने कळशी भरली, डोक्यावर घेतली, आणि जाताना नेहमीसारखं विचारलं, "काका, खोकला कसा आहे?"  त्या दिवशी दुपारीच तो सरकारी वकिलाकडे गेला.

साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि बाबूंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. इतक्या मोठ्याने, की न्यायाधीश दचकले. "हळू बोला. इथं भोंगा नाही."

बाबूंचा वकील उठला. "तुम्ही स्वतः तस्करीच्या आरोपातले. खरं ना?"

"होय."

"बाटली तुमचीच होती?"

"होय, माझीच. खोकल्यासाठी."

कोर्टात खसखस पिकली. वकिलाने ती ओसरू दिली. "आणि तो आवाज पोद्दारबाबूंचाच, हे कशावरून?"

"दर पूजेला त्यांच्या तोंडासमोर माईक मीच धरतो. तेव्हाही ते असंच समजतात की आपण हळू बोलतोय."

बाबूंनी पहिल्यांदाच खाली पाहिलं.

मधे दोन पावसाळे गेले, आणि निकाल लागला. कासेम मालकाने सांगितलेलं करत होता, हे साक्षीवरून दिसतं, किल्लीही त्याचीच असं सिद्ध होत नाही. म्हणून कासेम निर्दोष. पोद्दारबाबूंविरुद्ध साक्षीदार एकच, आणि तोही स्वतः आरोपी. त्याच्या एकट्याच्या शब्दावर एवढ्या प्रतिष्ठित गृहस्थाला शिक्षा करणं धोक्याचं. म्हणून संशयाचा फायदा देऊन बाबूही निर्दोष. एकाच तोंडचा शब्द कासेमपुरता खरा आणि बाबूंपुरता संशयाचा ठरला. राहिली शशधरची बाटली. ती आपलीच, असं तो भर कोर्टात, शपथेवर बोलून चुकला होता, डॉक्टरला हा रोगी आठवत नव्हता, आणि तो तालुक्याचा औषधवाला तर मधल्या काळात दुकान बंद करून कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शशधरला किरकोळ दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. त्या सबंध सप्ताहात पकडलेल्या साऱ्या मालापायी शिक्षा झालेला माणूस एकच. खरं बोललेलाही एकच, हा निव्वळ योगायोग.

बाबूंना बाहेर झेंडूचे हार पडत होते, त्याचा गलका आत ऐकू येत होता. शशधर मागच्या बाकावर बसला. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी टेकलं. इद्रिस होता, आणि त्याच्या पलीकडे कासेम, दाढी वाढलेला, हाडं निघालेला.

"किती वेळ बसायचंय?" इद्रिसने विचारलं. बऱ्याच महिन्यांत तो आपण होऊन बोलला होता.

"कोर्ट उठेपर्यंत."

"मग बसू."

"तुम्हांला कशाला? तुम्हांला नाही झाली शिक्षा."

"गप रे. तीस वर्षं तुझं ऐकत गाडी ओढली, ती काय बक्षीस होतं?"

कासेम हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. शिपायाने तिघांकडे डोळे वटारले. तिघं हाताची घडी घालून, शाळेतल्या पोरांसारखे सरळ बसले. समोर कुणाच्या तरी बांधाची केस चालू होती.

कोर्ट उठलं तेव्हा उन्हं उतरली होती. तिघं बाहेर आले तर फाटकाशी बाबूंची गाडी थांबलेली. काच खाली झाली. गळ्यात अजून हार होते. "चला रे, बसा," बाबू म्हणाले. "गाडी रिकामीच चाललीय. एकाच गावची माणसं आपण." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच नव्हता, आणि तेच शशधरला सगळ्यात जास्त लागलं.

जुन्या सवयीने कासेम दार उघडायला पुढे झाला. इद्रिसने त्याची कॉलर धरून मागे ओढलं.

"आम्ही बसने येतो, बाबू," शशधर म्हणाला.

"बस गच्च भरलेली असते रे."

"असू द्या."

गाडी निघून गेली. बसला खरोखरच मुंगी शिरायला जागा नव्हती. तिघं टपावर चढले, कांद्याच्या पोत्यांवर बसले. इद्रिसने कागदात बांधलेले चुरमुरे आणि हिरव्या मिरच्या काढल्या. वारा एवढा होता की अर्धे चुरमुरे रस्त्यावर उडाले. नलडुबीच्या वेशीवर बस थांबली, आणि एक नवा जवान शिडी चढून वर आला, पिशव्या बघायला. शशधरने न सांगताच आपली पिशवी उलटी करून दाखवली. आत निकालाची नक्कल आणि लावण्यसाठी घेतलेली पेरूंची जोडी होती. जवानाने पेरू हातात घेऊन दाबून पाहिले, पोकळ नाहीत अशी खात्री करून घेतली, आणि परत दिले.